उना उणे गया

जेवणाच्या टेबलावर हर्षालीने आलेखाचा कागद पसरला,
चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या,
कारण पंखा पाचवर आहे,
आणि जळगावच्या मे महिन्यात
पंखा बंद करा असं कुणी कुणाला म्हणत नाही.

दोन देश, पंचवीस वर्षं.
निळी पेन्सिल आपली, तांबडी त्यांची.
थेट परकीय गुंतवणूक, कंसात निव्वळ.

चटईच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं जमाखर्च लिहिला,
निव्वळ मला कुणी शिकवायला नको.
तरी ती शिकवते, एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे:
बाहेरून आलेलं,
त्यातून परत गेलेलं वजा,
आपण बाहेर नेऊन लावलेलं, तेही वजा.
एवढ्याला आमचा उखा फिटर तीन शब्द वापरतो:
उना उणे गया.

निळी रेघ चढते, थांबते, चढते,
जिन्यात दम लागलेल्या माणसासारखी.
तांबडी बरीच वर्षं तळाला चिकटून,
मग मान वर काढते.
"एका मापात दोघं मावत नाहीत बाबा,
म्हणून ज्याला त्याला त्याच्याच उत्पन्नाने भागलं.
आता बघा कोण उंच."
भागाकाराने सगळे एका रांगेत येतात
हे मला बोनसच्या यादीत कधी दिसलं नव्हतं.

मी निळ्या रेघेवर बोट ठेवलं.
ह्या वर्षी एमआयडीसीत आमच्याकडे लाकडी खोकी आली,
परक्या भागीदाराचं विणायचं मशीन.
त्या फळ्यांचं उखाने कोंबड्यांचं खुराडं केलं;
अजून आहे, त्यावर "ही बाजू वर" सांगणारा बाण
जमिनीकडे तोंड करून.

आणि इथे, नऊ वर्षांनी,
तेच मशीन खोललं, पुसलं, नव्या खोक्यांत भरलं.
शेवटचं व्हाउचर माझ्या अक्षरात:
क्रेनचं भाडं, सुतळी, चहा सतरा कप.
मशीन गेलं तुझ्या तांबड्या देशात.
मग इथे खड्डा कुठे आहे? आणि तिथे उंचवटा?

"बाबा," ती म्हणाली, वाईट न वाटेल अशा बेताने,
"तुमचं मशीन ह्या रेघेच्या जाडीतसुद्धा नाही."

मी पेन्सिल घेतली, तिला टोक काढून दिलं.
जेवढं बारीक निघेल तेवढं.

नऊच्या सुमाराला उखा आला, पीएफच्या कागदावर सही हवी होती.
मशीन उभं करून द्यायला तो तिकडे तीन महिने राहून आलाय,
त्या देशाचं नाव मात्र त्याला अजून नीट घेता येत नाही.
बसतो न बसतो तोच फोन वाजला.
पडद्यावर निळ्या टोपीतली एक मुलगी,
बोलली काही नाही,
फोन मशीनच्या अंगाला लावून उभी राहिली.
आमच्या घरात खडखड, खडखड, मधेच एक चिरका सूर.
उखाने डोळे मिटले.
"डावं बेरिंग," तो म्हणाला, "कोल्लं पडनं."
मग आमच्याच टेबलावरची तेलाची बुधली उचलून
फोनसमोर तिरकी धरली, दोनदा.
मुलीने मान हलवली. पडदा काळा झाला.

"काका, ह्याचे किती घेता?" हर्षालीने विचारलं.
"काय लेऊ? ती रामराम म्हनाले शिकनी."

चहा झाला. सही झाली. पायऱ्या उतरताना
गुडघे जिथे कुरकुरतात तिथे उखा थांबला, मग गेला.

आत हर्षाली ओरडत होती:
कागदावर शेंगदाणा तेलाचा थेंब पडला होता,
हळूहळू पसरत होता,
खालच्या टेबलाची नक्षी त्यातून दिसू लागली होती.
नवा कागद आणायला ती आत गेली.

कुठल्या वर्षावर पडलाय ते मी चष्मा लावून पाहिलं.
आणि वाटी त्याच्यावर सरकवली.