अकरा दिवस अलीकडे

आमच्या कायसेरीत सण चंद्रावर चालतो
आणि दुकान चेकवर.
बैराम दर वर्षी अकरा दिवस अलीकडे सरकतो,
वहीत एफेंदीचा चेक मात्र
आपल्या तारखेवरून तसूभर हलत नाही.

चार वर्षांपूर्वी सण मेमध्ये होता,
पट्ट्यांच्या सँडल हातोहात गेल्या.
यंदा मार्चची वीस.
एरजियेसवर बर्फ अजून जाडच्या जाड,
आणि आया बंद बूट मागतात, आत लोकर असलेले.
उरलेल्या सँडल पुढच्या बैरामला काढू, असं म्हणणाऱ्याने
लहान मुलांच्या बुटांचं दुकान घालू नये,
लोणच्याचं घालावं.
लोणचं मुरतं.
बूट नुसता पडून राहतो
आणि पडल्या पडल्या भाडं खातो.

मापांचे स्वभाव मला पाठ आहेत.
अठ्ठावीस ते एकतीस पहिल्या आठवड्यात उडतात,
तेवीस रेंगाळतो,
पस्तीस ना मुलांत बसत ना मोठ्यांत,
आवाज फुटलेल्या पोरासारखा दारात उभा.
डझनात बारा जोड.
त्यातले नऊ वहीतचे, भाड्याचे, विजेचे,
इल्केरच्या पगाराचे.
माझे शेवटचे तीन.
ते फळीवर राहिले, तर महिनाभर मी
लोकांच्या पायाशी फुकट वाकले.

आणि भाव!
सोमवारी ज्या किमतीला विकला,
शुक्रवारी ठोकवाला त्याहून जास्त मागतो.
गल्ला तुडुंब दिसतो.
फळी पुन्हा भरायला गेलं की कळतं,
नफा झालाच नव्हता,
बुटांचे नुसते कागद झाले होते.

नेजात असताना एकच नियम होता:
किंमत मोडली तरी चालेल, जोड मोडायचा नाही.

सणाची आदली संध्याकाळ.
शटर अर्धं खाली आलेलं.
एक बाई वाकून आत आली,
हातात वर्तमानपत्राची घडी.
उघडली, तर त्यावर पेन्सिलीने काढलेली दोन पावलं.
डावं एकोणतीस.
उजवं एकतीस.
मी पट्टी दोनदा लावली.

‘तो येत नाही दुकानात,’ ती म्हणाली.
‘गेल्या वर्षी डाव्यात कापूस भरला होता.
नमाजाला बूट काढले
आणि कापूस सगळ्यांसमोर बाहेर आला.’

तपकिरी, नाडीचे.
दोन्ही मापांचा एकेकच जोड उरलेला,
आणि कालपासून पाच जणांनी विचारलेले.
मी दोन्ही खोकी काढली.
डावा यातला, उजवा त्यातला.
पैसे एका जोडाचे.
‘आणि हे उरलेले?’
‘परत जातात ठोकवाल्याकडे.’
इल्केरने मान वर करून पाहिलं.
वहीत एफेंदी सख्ख्या भावाकडूनही
माल परत घेत नाही.

इथली पोरं बैरामच्या आदल्या रात्री
नवे बूट उशाशी घेऊन झोपतात.
ती बाई गेल्यावर त्याचा विचार केला, एवढंच.
मग शटर पूर्ण ओढलं.

मोजदाद.
तेवीस, चार जोड. पस्तीस, सहा.
लोकरीचे संपले, आणखी दोन डझन खपले असते,
ती चूक माझी.
आणि एक खोकं:
एकोणतीस उजवा, एकतीस डावा.
‘हे नुकसानीत की शिलकीत?’
इल्केरची पेन्सिल दोन रकान्यांच्या मधे थांबलेली.
शिलकीत लिही, म्हटलं.
‘किती जोड?’
त्याचं उत्तर मला देता आलं नाही.
त्याने एक लिहिला, मग खोडला,
मग पुन्हा एक लिहिला.

पुढचा बैराम अकरा दिवस अलीकडे.
म्हणजे थंडी आणखी अकरा दिवस जवळ.
लोकरीचे दुप्पट. तेवीस निम्मे.
सँडल नावालाही नको.
पहिला चेक बैरामनंतरचा मिळाला तर बघायचं,
वहीत नाही म्हणेल, चहा पाजून पुन्हा विचारायचं.

वही मिटली आणि जाताना माझे बूट घातले.
टाच एका बाजूने झिजलेली.
अडतीस.
या मापाचा माल
मी ठेवत नाही.