खुरपणी : टॉवर नंबर सतरा

तळवलीच्या मागे, हायटेन्शनच्या तारांखाली
साडेतीन गुंठे.
मालक कोण ते विचारू नका.
सिडको म्हणेल आमची,
चांगुणा मढवी म्हणते आमची होती,
तारा काहीच म्हणत नाहीत, नुसत्या गुणगुणतात,
दव पडलं की जरा जास्त.

नोव्हेंबरात फ्लॉवरची रोपं लावली. अडीचशे.
दीड दीड फुटावर, सुतळी ताणून.
कंपनीत बत्तीस वर्षं पॅकिंगला होतो,
सरळ रेषेशिवाय हात चालत नाही माझा.

विसाव्या दिवशी पाहतो तर रेष गायब.
घोळ आली होती पाय पसरून,
तिच्या मागं धाकटी चिघळ,
तांदुळजा, केना,
आणि लव्हाळा,
ज्याला कुणी बोलावत नाही, कुणी घालवत नाही.

आता सांगायलाच हवं
आम्ही काय भरायचो बाटल्यांत.
तणनाशक.
पांढरी बाटली, लाल झाकण, वर सील,
दिवसाला चार हजार.
निवृत्तीच्या दिवशी घड्याळ मिळालं,
शिवाय एक बाटली, साहेबांनी हसत दिलेली :
शेती करणार म्हणताय ना?
पत्र्याच्या पेटीत होती, खुरप्याशेजारी.
काढली. भिंग लावलं. पाठीमागचं बारीक अक्षर
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा वाचलं :
कोबी, फ्लॉवर, मोहरी, या पिकांवर वापरू नये.
पुन्हा पेटीत ठेवली.
खुरपं घेतलं.

आणि पहिल्याच ओळीत सहा रोपं उपटली.

पलीकडच्या मेथीतून चांगुणाबाई आल्या,
माझ्या हातातलं खुरपं घेऊन उकिडव्या बसल्या.
‘खोल नको जाव. वरवर खुरप.
मुलं वरच असतान फुलाची.’

मी सांगलीचा. मला ऐकू आली मुलं.
माझी दोन, एक मस्कतला, एक वाकडला,
हो, वरवरच असतात, म्हणालो,
फोन करतात रविवारी.

त्या थांबल्या. मग रोपाखालची माती
बोटानं अलगद सारली.
पांढरे दोरे, केसांएवढे,
बोटभरसुद्धा खोल नाहीत.

मुळं होय!
तुमच्याकडचा ळ कुठं गेला, चांगुणाबाई?

‘शिडकोनी नेला,’ म्हणाल्या,
आणि खुरपत पुढे गेल्या.

लव्हाळ्याचं त्यांनी वेगळं शिकवलं.
वरून तोडला तर खाली गाठ राहते.
गाठ खणली तर तिला दोरा,
दोऱ्याच्या टोकाला दुसरी गाठ,
एक तुटली की दोन उगवतात.
रागानं जायचं नाही त्याच्या अंगावर.
भाताचा पेंढा अंथरायचा चारेक बोटं जाड,
ऊन तोडायचं.
आणि वाट पाहायची, कारण चाळिसाव्या दिवसानंतर
फ्लॉवरची पानं एकमेकांना भिडतात
आणि स्वतःच सावली धरतात.
तोवर बसायचं मांडी बदलत.

मी बसलो. गुडघे बोलायला लागले.
उपटलेलं तण बांधावर फेकत होतो, तर त्या ओरडल्या.
टोपलीत भरलं. घोळ वेगळी, तांदुळजा वेगळा,
मुळं धुतलेली, केळीच्या सोपानं बांधलेली जुडी.

जानेवारीत गड्डे आले.
पानं वर ओढून बांधली, पांढरे राहावेत म्हणून.
नाक्यावर त्या आठवड्यात सगळ्यांचाच फ्लॉवर :
दहाला एक, संध्याकाळी दहाला दोन.
शेजारी चांगुणाबाईंच्या फडक्यावर
घोळीची जुडी, वीस रुपये,
आणि बाराव्या मजल्यावरच्या बायका विचारत होत्या
उद्या आणाल का.

माझ्याकडे बघून त्या हसल्यासुद्धा नाहीत.
माझा एक गड्डा घेतला, नको म्हणालो तरी दहा रुपये दिले.

आता दुसरी लावणी.
सुतळी ताणलीय, रोपं ओळीत आहेत,
बाटलीची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली.
टॉवरच्या पायाशी वावभर जागा
तशीच सोडलीय.
तिथं सुतळी नाही.