अरे

तीन वर्षं तो धावला
एका चिंधीच्या सशामागे, वाळूच्या गोल वाटेवर.
कानाच्या आत गोंदलेले आकडे,
शर्यतीच्या कागदावर लांबलचक नाव,
त्यातल्या एकाही शब्दाला तो वळून बघत नाही.
जिना म्हणजे काय, ठाऊक नाही.
आरसा, ठाऊक नाही.
काचेच्या दारावर पहिल्याच दिवशी नाक आपटलं
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जणू हवा मीच घट्ट करून ठेवली होती.

"अरे," मी म्हणाले.
कान उभे राहिले.
झालं. बारसं आटोपलं.

ग्लेनिस दर गुरुवारी येते, खिशात चीजचे तुकडे.
चाळीस वर्षं कुत्री शिकवली,
नवरा तेवढा शिकला नाही म्हणते.
ती सांगते, प्रत्येकाचा एक उंबरठा असतो.
घराचा नव्हे, भीतीचा.
याचा तीस पावलांवर आहे.
तिथंच थांब. चीज दे. परत फिर.
उद्या एकोणतीस.

मग आम्ही बार्न्सली मोजायला घेतलं.
मंगळवारची कचऱ्याची गाडी: साठ पावलं.
स्कूटरवरची पोरं: चाळीस.
पोस्टमनचे गुडघे, जानेवारीतसुद्धा उघडे: पंचवीस.
वाऱ्यानं उलटी झालेली छत्री:
मोजलंच नाही, पळालो.
आणि स्पॅनिअल, टेरिअर, काहीही आखूड पायांचं,
ती त्याला कुत्री वाटतच नाहीत.
जन्मभर त्यानं ग्रेहाउंडच पाहिलेले,
तेही तोंडाला जाळी बांधलेले, शेजारच्या पिंजऱ्यातले.
आपल्यासारखे दिसतात ते आपले,
बाकी सगळे नुसते आवाज.
हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

मी रात्रपाळीला असते, हॉस्पिटलच्या तळघरात,
रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावत.
अख्ख्या गावाचं रक्त माझ्या हातून जातं,
चेहरा एकाचाही नाही.
एकोणीस वर्षं झाली.
कोपऱ्यावरच्या पबवरून रोज येते-जाते,
पलीकडच्या फुटपाथनं.
परवा सहज मोजलं:
अकरा.

फेब्रुवारीत तो जिन्याची पहिली पायरी चढला.
दुसऱ्या पायरीपाशी अडीच दिवस विचार केला.
मग एका रात्री, कुणी बघत नसताना,
सगळा जिना चढून माझ्या खोलीच्या दारात उभा!
सकाळी उतरता येईना.
बत्तीस किलोंची हाडं कडेवर घेऊन
मी एकेक पायरी खाली आले.
तो लाजेनं भिंतीकडे बघत होता.

मार्चमधला शनिवार. निघालो तेव्हा ऊन होतं.
मग गारा.
गारांचं आम्ही काहीच ठरवलं नव्हतं,
ना पावलं, ना चीज.
अकरा पावलांचा रस्ता त्यानं तीन उड्यांत संपवला
आणि मागून पट्ट्याला लटकत मी,
पबच्या दारातून आत.

आत चुलीशी दोन टेरिअर.
एकानं मान वर केली, जांभई दिली.
अरे थरथरत उभा राहिला.
मी खिसा चाचपला, रिकामा.
आता भुंकेल, आता मी माफी मागेन,
आता आम्ही निघू, असं माझं मनात चाललेलं,
तोवर तो घडीच्या खुर्चीसारखा
एकेक पाय दुमडत
बिअर सांडून सांडून कडक झालेल्या गालिच्यावर बसला.

"नाव काय गड्याचं?" खिडकीशी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं.
"अरे."
"ॲरी! माझा थोरला भाऊ ॲरीच."
इथल्या जिभेला ह पेलत नाही.
हेमांगीची मी केव्हाच एमी झालेय,
हॅरीचा ॲरी इथं जन्मतःच होतो.
मी दुरुस्त करायला तोंड उघडलं,
तर याचे कान उभे, शेपूट गालिच्यावर
एकदा,
आणि थोड्या वेळानं आणखी एकदा.

म्हाताऱ्यानं शेजारच्या खुर्चीवरचा ओला कोट उचलला,
आपल्या मांडीवर घेतला.
खुर्ची रिकामी.

मी उभीच होते, केसांतून गारा ओघळत.
दुसऱ्या पायरीला
जरा वेळ लागतो.