डबीतलं मलम

मेरिदे गावात म्हातारी एर्सिलिया
गुडघ्याला काळं मलम चोळते.
डबी जुनी, तळ खरवडावा लागतो.
वास डांबराचा, आणि त्याखाली कुठेतरी
शिळ्या मासळीचा.

डोंगरातल्या काळ्या पाटीतून निघायचं हे तेल.
तिचा बाप खाणीत पाट्या फोडायचा.
पाटी उकलली की कधी आत एक सरडा पोहत असायचा,
वीतभर, मान किंचित वळलेली,
मागून कुणी हाक मारल्यासारखी.

मुकादम म्हणायचा, टाक भट्टीत.

एक पाटी मात्र तो कोटाखालून घरी घेऊन आला.
मादी होती. बरगड्यांच्या आत
शिवणीच्या टाक्यांएवढे मणके,
न जन्मलेले.
बायकोने पाहिलं, पोटावर हात ठेवला,
आणि काही न बोलता
पाटी पिठाच्या डब्यामागे उभी केली.
त्याच हिवाळ्यात एर्सिलिया झाली.

आता खाण बंद. पाटी म्युझियममध्ये,
खाली लॅटिन नाव, वय चोवीस कोटी वर्षं.
एर्सिलिया जाते कधीमधी.
तिच्या श्वासाची वाफ काचेवर धरते,
ती बाहीने पुसते.

परतीच्या उतारावर गुडघा कुरकुरतो.
"गप रे," ती म्हणते,
"तू तर परवाचा."