कोंड्यासकट

ड्राइव्ह नागपूरहून आला, एसटीच्या पार्सलात,
कंडक्टरच्या पायाशी, ज्वारीच्या पोत्याला टेकून.
लाखांदूरला उतरवून घेतला तेव्हा आत काहीतरी खुळखुळलं.
बाबा म्हणाले, "हालवू नोको. वाजवाचं यंत्र होय थे, खुळखुळा नाही."

खोक्यावर खडूनं लिहिलेलं : उरकुडे साउंड सर्व्हिस,
खाली बंद पडलेला फोन नंबर.
आत एकशे बेचाळीस सीड्या,
वीस मंडईंच्या, खडी गमतीच्या रात्री.

पुसायची रीत त्यांनीच शिकवली.
मधून काठाकडे, सरळ, जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं.
गोल पुसलं तर ओरखडा गाण्यासोबतच धावतो,
आडवा गेला तर नुसता ओलांडून जातो,
धुऱ्यावरून बैल ओलांडतो तसा.

मी म्हटलं, एमपीथ्री करते, जागा कमी लागेल,
जे कानाला ऐकू येत नाही तेवढंच काढून टाकतो तो.
"कोणाच्या कानाले?"
मला सांगता आलं नाही.
"गिरणीत धान नेला का तांदूळ आपला, कोंडा गिरणीवाल्याचा.
हे कोंड्यासकट ठेव."
मग फ्लॅक.
एका रात्रीला पाऊण तास, कधी दोन तास,
कारण हा प्रोग्राम प्रत्येक कण दोनदा वाचतो,
जुळला तर पुढे जातो,
नाही जुळला तर मागे येऊन पुन्हा विचारतो, पुन्हा,
बहिऱ्या म्हाताऱ्यासारखा, न रागावता.

नाव विचारतो तेव्हा स्वतःच भरून ठेवतो : अज्ञात कलाकार.
गाणं एक. गाणं दोन.
बाबा डोळे मिटून, स्टुलावर.
"हा चिंधू वलथरे. ढोलकीवर झिबल, डावा हात जड त्याचा.
लुगडं नेसलेला पोरगा सोमाचा, पुढं पोलीस झाला.
हसते थो बकाराम."
हसण्याचंही नाव लिहायचं का, मी विचारलं.
"लिही ना. पैसे घेतले होते त्यानं."

सदतिसावी सीडी. बाराव्या मिनिटाला आवाज तुटला.
मी थांबवलं, पुसलं, पुन्हा लावली.
अहवाल आला : चूक शून्य.
चाळीस सेकंद काहीच नाही, मग डिझेलची घरघर, मग ढोलकी.
"लाइन गेली होती," बाबा म्हणाले. "दिघोरीची रात्र.
रेकॉर्डर बॅटरीवर, मिक्सर लाइनीवर.
जनरेटर लागेपर्यंत बकाराम गातच होता, बिना माइकचा.
मागच्या बोरीपर्यंत ऐकू गेलं लोकायले. मशीनलेच नाही गेलं."
मी ती जागा पुन्हा लावली.
त्या चाळीस सेकंदांत बाबांचे ओठ हलत होते.
फाइलीत त्यांना जागासुद्धा जवळजवळ लागत नाही.

यादीत एकशे त्रेचाळीस होत्या.
एक रत्नमालाकाकूच्या बांधीत सापडली,
बांबूच्या काडीला सुतळीनं, राघू हाकलायला.
तीन पावसाळे झालेले.
सोडवून उन्हाकडे धरली :
जागोजागी भोकं, प्रत्येक भोकातून एकेक सूर्य.
काठावर बाबांच्या हाताचं अक्षर, अर्धं :
...गमत, रात्र दुसरी.

ड्राइव्हनं फिरवून पाहिली. थांबला. पुन्हा फिरवली.
शेवटी म्हणाला, डिस्क घाला.
आत आहे रे बाबा, मी त्यालाच म्हटलं.
तासभर तसंच.
मग बाबांनी बटण दाबलं, ट्रे बाहेर आला,
त्यांनी ती बोटात घालून एकदा फिरवली,
भिंतीवर, फोटोंवर, माझ्या तोंडावरून रंग गेले.

"परत टांगून ये," म्हणाले.
"धान दुधावर आहे. राघू उतरतील."
आणि मी चप्पल घालत होते तेव्हा आतून,
"सुतळी नवी ने. जुनी फिरू देत नाही."