शेपूट कुठून सुरू होतं

तुम्ही हसलात तळ्याचं नाव ऐकून.
तोनले साप. आमच्या बोलीत साप म्हणजे
गोडं, खारं नसलेलं पाणी.
पण तुमचंही खोटं नाही.
पावसाळ्यात जाळ्यांना मासे कमी, हेच जास्त.

पहाटे होड्या लागतात, मी गोणी उपडी करते.
पाणसाप. किलोवर जातात, मगरी पाळणाऱ्यांकडे.
डोकं कुठलं, बघत नाही.
शेपटाला धरायचं, झटकायचं, टोपलीत.

एखादा निघतो काळा, आखूड, तांबड्या शेपटाचा.
तो पळत नाही.
डोकं वेटोळ्यात खुपसतो, शेपूट उचलतो,
चपटं करून डुलवतो, जसा काही नागाचा फणा.
बसायचाच घाव तर इथे बसो.
जिवावरचं शेपटावर.
त्याला मी चिखलात सोडते.
भाव येत नाही म्हणून, असं नवऱ्याला सांगते.

वडील जुन्या देवळात भिंतीवरचं शेवाळ काढायचे,
दातांच्या ब्रशने, रोज वीतभर.
भिंतभर समुद्र घुसळणं चाललेलं:
फण्यांकडे राक्षस, शेपटाकडे देव.
म्हणायचे, तोंडाशी विषाची वाफ, पोरी.
कुठे उभं राहायचं ते देवांना बरोबर कळतं.
मी एकदा विचारलं,
बाबा, त्या वाईट वर्षांत आपण कुठल्या टोकाला होतो?
ते ब्रश धूत राहिले.
मग म्हणाले, टोकाला?
आपण दोर होतो.

उद्या रुमदुओलचं लग्न.
आमच्यात नवरा मुलगा नवरीच्या शेल्याचं टोक धरून
तिच्यामागून खोलीत जातो.
पहिला राजा असाच गेला होता म्हणतात
नागकन्येचं शेपूट धरून, पाण्याखाली, सासरवाडीला.
श्वास कसा घेतला, कोणी सांगत नाही.
आमचा पिसेथ मोटारसायकली दुरुस्त करतो.
पोहता येत नाही. तळ्यावरचा जावई!
काल तालमीत शेला मुठीला गुंडाळून बसला,
क्लचची तार असावी तसा.
म्हटलं, सैल धर रे.
आवळलं की साप मागे वळतो,
हे मला तीस वर्षांच्या बोटांनी शिकवलंय.
रुमदुओल हसली नाही.
तिने खांद्यावरून एकदाच मागे पाहिलं,
तो धरून आहे ना, एवढंच.

हं, तुमचा प्रश्न राहिला.
सगळा सापच शेपूट, असं वाटतं खरं.
आणा बोट इकडे. घाबरू नका, हा मेलेला आहे.
पोटाखालून सरकवत या:
खवला एक, रुंद. पुन्हा एक. पुन्हा एकच.
इथे बारीकशी आडवी चीर लागली?
आता पुढे मोजा.
दोन. दोन. दोन.
जिथून एकेरीचे दुहेरी झाले
तिथून शेपूट, टोकापर्यंत.

हात धुऊन घ्या, लिंबू तिथे आहे.
वास तरी दोन दिवस राहील.
उद्या तसेच या जेवायला.