दुखतंय तोवर

अंगणातला पारा उणे अकरावर.
मोजे खिशात, पाय उघडे.
सॉनाची पायरी उतरताना
पहिल्या पावलाबरोबर एक शिवी निघतेच.

ताजा बर्फ बरा. पिठासारखा दबतो, गप्प राहतो.
वाईट तो रस्ता, नगरपालिकेनं खडी पसरलेला.
तिथे टाचेला एकेक खडा वेगळा ओळखू येतो.

हिल्का मावशीनं शिकवलं हे, मी नऊ वर्षांचा असताना.
नियम एकच:
दुखतंय तोवर पळ, आर्वो.
दुखायचं थांबलं, की तिथूनच मागे वळ.
बरं वाटलं म्हणून पुढे गेलेल्यांची बोटं
दवाखान्यात राहतात.

दुधाच्या गाडीतला काउको काच खाली करून विचारतो,
"घराला आग लागलीय का?"
"नाही," मी म्हणतो, "विझलीय."
तो मान हलवतो, सावकाश गियर टाकतो.

नोव्हेंबरात मावशीला पोचवून आलो.
मग सगळंच सोपं गेलं.
कागदपत्रं, तिची कपाटं, मांजर कुणाला द्यायचं.
लोक म्हणाले, लवकर सावरलास रे.
मला तिचा नियम आठवायचा
आणि आपण किती लांब आलोय ते कळायचं नाही.

आज तळ्याकाठच्या वाकड्या बर्चपाशी
डाव्या अंगठ्यातून कळ निघाली, थेट दातांपर्यंत.
थांबलो.
एका पायावर उभा राहून वाट पाहिली.
दुसरी आली.

मग पुढच्या वळणापर्यंत गेलो.